हात वर न करणारा प्रोसेसर

‘कर्नल’ हा शब्द फळ्यावर लिहिला की आमच्या शाळेतल्या मुली हमखास विचारतात, “आपा, फौज का कर्नल?” नाही. इंग्रजीत हे दोन शब्द वेगवेगळे लिहितात, पण देवनागरीत आणि उर्दूतही ते एकसारखेच होऊन बसतात. म्हणून मी त्यांना दुसरा शब्द देते : मग्ज. बदाम फोडल्यावर आतून निघतो तो मग्ज, आणि कवटीच्या आत असतो तोही मग्ज. मराठीनेही हा शब्द आपलासा केला आहे. खरबुजाच्या बियांतला गर म्हणजे मगज, आणि डोकं शिणवणारं काम म्हणजे मगजमारी. संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मग्ज म्हणजे कर्नल. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांशी थेट बोलतो तो हाच. बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे अर्ज करतात.

हा मग्ज वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी कसा बांधायचा, यात मी गेली काही वर्षं मगजमारी केली आहे. भाषेच्या शिक्षिकेला हे कशाला, असं विचारणारे बरेच आहेत. माझ्या बी.एड.च्या अध्यापन पद्धती मराठी आणि उर्दू. तिसरी नाही. पण उर्दू आणि मराठी दोन्ही संगणकावर लिहायच्या तर संगणक चालू असावा लागतो, आणि आमच्याकडे आलेले संगणक चालू करणं हेच मुळात एक प्रकरण होतं.

२०१३च्या जूनमध्ये शहरातल्या एका ऑफिसने आपली जुनी मशीन्स शाळेला दिली. नऊ डेस्कटॉप, दोन लॅपटॉप. डिस्क पुसून दिल्या होत्या, ते योग्यच. आठ डेस्कटॉप पेंटियम ४च्या जमान्यातले, प्रत्येकी ५१२ एमबी मेमरीचे. नववा कोअर २ ड्युओ, दोन जीबीचा, आमच्या लेखी राजाच. लॅपटॉप दोन्ही पेंटियम एमचे, जाडजूड, बॅटऱ्या मेलेल्या. विकतची ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायला संस्थेकडे पैसे नव्हते आणि चोरून टाकायची माझी तयारी नव्हती. तेव्हा लिनक्स.

आमची संगणक खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या वर्षी नववीत एक मुलगी होती, पायाला कॅलिपर लावून चालणारी. तिच्यासाठी मुख्याध्यापकांनी अख्खा वर्ग तळमजल्यावर आणला होता. पण वायरिंग, इन्व्हर्टर, लोखंडी दार, सगळं वर. संगणकाचा तास सुरू झाला की ती एकटी खाली बसायची, समोर एखादं पुस्तक घेऊन. लॅपटॉप पाहिले तेव्हा मला आधी ती आठवली. डेस्कटॉप जिने उतरून रोज खाली येणार नव्हते, लॅपटॉप येऊ शकत होते.

माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रविवारी तो एका प्रसिद्ध लिनक्सची ताजी सीडी घेऊन आला. पेंटियम ४वाले आठही कुरकुरत का होईना उठले. कोअर २ ड्युओ तर पळायलाच लागला. लॅपटॉपमध्ये सीडी घातली तर काळ्या पडद्यावर दोन ओळी. मराठीत सांगायच्या तर : या कर्नलला लागणारा पुढील गुण या सीपीयूत नाही, पीएई. आपल्या सीपीयूला योग्य असा कर्नल वापरावा.

प्रवेश नाकारल्याची चिठ्ठी वाचावी तसं मी ते वाचलं. पात्रता नाही, दुसरीकडे पाहा.

“खाला, भंगारात द्या,” भाचा म्हणाला. “यात पीएई नाही.”

पीएई म्हणजे काय हे समजायला मला संध्याकाळ लागली, पण ते अवघड नाही. ३२ बिटांचा प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक घराला ३२ अंकी पत्ता देतो, आणि प्रत्येक अंक शून्य किंवा एक. अशी घरं होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबी. त्यापुढच्या मेमरीला पत्ताच उरत नाही. १९९५च्या पेंटियम प्रोपासून पत्ता ३६ अंकी करण्याची सोय आली, त्यामुळे मर्यादा ६४ जीबीपर्यंत गेली. ती सोय म्हणजे पीएई. आता हा लॅपटॉप ५१२ एमबीचा. म्हणजे अर्ध्या जीबीच्या माणसाला विचारलं जात होतं की तुला ६४ जीबीचे पत्ते लिहिता येतात का, आणि येत नसतील तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नकोस.

लगेच रागवायचं कारण नव्हतं. ही अट घालणाऱ्यांकडेही कारण होतं. मेमरीचा अमुक भाग फक्त माहिती ठेवण्यासाठी आहे, तिथून हुकूम चालवायचा नाही, अशी खूण करता येते. तिला एनएक्स म्हणतात. व्हायरस लिहिणाऱ्यांची एक मोठी वाट त्यामुळे बंद होते. ३२ बिटांच्या कर्नलमध्ये ही खूण पीएईच्या तक्त्यांतच बसते. शिवाय पीएईचा एक आणि बिनपीएईचा एक असे दोन कर्नल बांधा, तपासा, वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहा, यात स्वयंसेवकांचा वेळ जातो. २०१२च्या सुमारास बऱ्याच जणांनी हिशेब केला आणि बिनपीएईचा कर्नल देणं बंद केलं. हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या हिशेबात आमची नववीतली मुलगी नव्हती, एवढंच.

भाच्याला मी विचारलं, “हा गुण न मागणारा कर्नल मिळत नाही का?” मिळत होता. मे २०१३मध्ये आलेल्या डेबियन ७मध्ये दोन ३२ बिटी कर्नल होते, एक ४८६ नावाचा आणि एक ६८६-पीएई. पहिला कोणाकडे काही मागत नव्हता. पुढच्या रविवारी तो टाकला आणि दोन्ही लॅपटॉप उठले. एवढ्यावर गोष्ट संपू शकली असती. मुलीला लॅपटॉप मिळाला, तास सुरू झाले. २०१४च्या शाळेच्या वार्षिक अंकातला उर्दू विभाग बराचसा तिनेच टाइप केला.

पण माझ्या डोक्यात ती अट राहिली. मशीनला ‘तुझ्यात हे आहे का’ विचारणारी यादी कोण लिहितं, कुठे लिहितं? दिवाळीच्या सुटीत मी आणि भाचा कर्नल स्वतः बांधायला बसलो.

लिनक्सचा कर्नल सगळ्यांना खुला आहे. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ असा हुकूम द्यायचा. निळ्या पडद्यावर एक लांबलचक प्रश्नपत्रिका उघडते. प्रश्न हजारो. बहुतेकांची उत्तरं तीनच : वाय, म्हणजे मग्जातच घाला. एन, म्हणजे नको. एम, म्हणजे वेगळं बांधून ठेवा, लागेल तेव्हा आत घेऊ. हे तिसरं उत्तर मला फार आवडलं. आमच्या शिक्षण खात्याच्या फॉर्मात ते नसतं.

प्रत्येक प्रश्नाला मदतीचा मजकूर असतो, आणि पुष्कळांच्या शेवटी नम्रपणे लिहिलेलं असतं की खात्री नसेल तर अमुक उत्तर द्या. मी एका जुन्या दुरेघी वहीत हे प्रश्न उतरवून घेतले. डाव्या पानावर मराठीत अर्थ, उजव्या पानावर उर्दूत. उर्दूचं पान उलटीकडून सुरू होतं, त्यामुळे वही दोन्ही बाजूंनी भरत मधल्या शिवणीपर्यंत आली. बाजारात अशा गाइडा मिळतात, तशी माझी ही पहिली आणि शेवटची.

प्रोसेसरचं पान सगळ्यात मजेदार. पहिला प्रश्न : घराणं कोणतं? खाली वंशावळ. ४८६, पेंटियम, पेंटियम एमएमएक्स, पेंटियम प्रो, २, ३, पेंटियम एम, पेंटियम ४, पलीकडे एएमडीचे के६, अथलॉन, मग क्रूसो, विनचिप असे कधीच न पाहिलेले पाहुणे. जे निवडाल त्या घराण्याची भाषा वापरून कर्नल बांधला जातो. उदाहरणार्थ, पेंटियम प्रोपासून ‘सीमूव्ह’ नावाचा एक हुकूम आला : अट पूर्ण झाली असेल तरच माहिती हलव. के६ला हा हुकूम कळत नाही. त्यामुळे पेंटियम प्रोसाठी बांधलेला कर्नल के६वर चालत नाही, जरी दोघे एकाच काळातले आणि एकाच आकाराच्या पेटीत बसणारे असले तरी. उलट ४८६साठी बांधलेला दोघांवर चालतो.

पुढे मेमरीचा प्रश्न : बंद, चार जीबी, की ६४ जीबी? ६४ म्हटलं की पीएई आपोआप आलंच. मेमरी साधारण ८९६ एमबीपेक्षा कमी असेल तर ‘बंद’ म्हणायचं. आमच्या दहा मशीनांचं उत्तर ‘बंद’.

तिथेच आणखी एक प्रश्न होता, जुना आणि मायाळू. प्रोसेसरला अपूर्णांकांची गणितं करता येत नसतील तर कर्नलने ती त्याच्यासाठी करावीत का? ३८६ आणि ४८६एसएक्स यांच्यात त्या गणिताचा भागच नसे, तो वेगळा विकत घ्यावा लागे. ज्यांनी घेतला नाही त्यांचं गणित कर्नल स्वतः सोडवून देत असे, हळू, पण बरोबर. आमच्या एकाही मशीनला त्याची गरज नव्हती. तरी तो प्रश्न मी वहीत दोन्ही बाजूंना लिहिला.

आणि मग यादी सापडली. आपण या पानावर जी उत्तरं देतो, त्यांवरून बांधणीच्या वेळी एक अपेक्षांची यादी तयार होते आणि कर्नलच्या अगदी सुरुवातीच्या भागात शिवली जाते. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी ती यादी वाचली जाते. यादीतला एक जरी गुण नसला तरी तो काळा पडदा. म्हणजे प्रवेशाची अट यंत्राने घातलेली नसते. बांधणाऱ्याने एका निळ्या पडद्यावर वाय दाबलेलं असतं.

पण कर्नलला दुसरीही एक रीत येते, आणि ती कळली तेव्हा मी भाच्याला पुन्हा पुन्हा समजावून सांगायला लावलं. काही गुण तो अट म्हणून घालत नाही. साध्या रीतीने काम करणारे हुकूम तो लिहून ठेवतो आणि शेजारी एक तक्ता ठेवतो : अमुक गुण असेल तर या जागी हा दुसरा हुकूम घाला. मशीन उठताना तो प्रोसेसरला विचारतो, ‘सीपीयूआयडी’ नावाचा एक हुकूमच त्यासाठी आहे, आणि उत्तराप्रमाणे स्वतःचाच मजकूर जागच्या जागी बदलतो. मेमरीतल्या कामांचा क्रम पाळायला लावण्यासाठी एसएसई२ असलेल्या प्रोसेसरवर एक खास हुकूम वापरतो, नसेल तिथे जुनी पद्धत. एकच प्रोसेसर दिसला तर अनेक प्रोसेसरांनी एकमेकांच्या कामात हात घालू नये म्हणून ठेवलेली कुलपं काढून टाकतो. घरात एकटाच माणूस असेल तर आतल्या खोल्यांना कुलपं कशाला? डिस्कच्या काही हिशेबांसाठी तर तो उठता उठता छोटी शर्यत लावतो आणि या मशीनवर जी रीत सगळ्यात वेगवान ठरेल ती निवडतो.

उर्दू शिकवणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. आमचा ‘बे’ एकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला आला तर एक रूप, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटा असला तर चौथं. संगणकात साठवताना चारही ठिकाणी एकच ‘बे’ साठवला जातो. शेजारी कोण आहे हे पाहून पडद्यावर रूप ठरतं. नस्तालीकमध्ये तर शेजाऱ्याला पाहून अक्षर वर चढतं, खाली उतरतं, वाकतं. कर्नलचं हे तसंच. मजकूर एक, रूप समोरच्याला पाहून.

बी.एड.ला आम्हाला हर्बार्टची पंचपदी घोकून घेतली होती. पाठटाचणात पहिला रकाना पूर्वज्ञानाचा. नवा पाठ सुरू करण्याआधी विद्यार्थ्याला काय येतं ते तपासा. आम्ही तो रकाना न तपासताच भरायचो, ‘विद्यार्थ्यांना नाम माहीत आहे’, कारण निरीक्षक यायचे तेव्हा टाचण पूर्ण हवं. कर्नल मात्र रोज, प्रत्येक वेळी चालू होताना, तो रकाना खरोखर तपासून भरतो. आणि सीपीयूआयडी नव्हता तेव्हाही तपासायचा. ३८६ की ४८६ हे ओळखायला प्रोसेसरच्या एका नोंदीतला अठरावा बिट उलटवून पाहायचा. उलटला तर ४८६, नाही उलटला तर ३८६. विचारता येत नाही तर करून पाहा. वर्गातही हेच करावं लागतं.

आता पेंटियम एमची गंमत, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या पुष्कळ चिप्समध्ये पीएई होतं. चिपमध्ये ती सोय होती, चालतही होती. पण सीपीयूआयडीने विचारलं की चिप ते सांगत नव्हती. उत्तरातला तो बिट शून्यच. कर्नलने हजेरी घेतली, हात वर झाला नाही, नाव कापलं.

२०१४मध्ये कर्नलमध्ये ‘फोर्सपीएई’ नावाचा एक शब्द आला. चालू करताना तो लिहिला की कर्नल त्या बिटाकडे न पाहता पीएई वापरतो, मात्र बजावतो की हे तुमच्या जबाबदारीवर, आणि स्वतःच्या नोंदीत डाग लावून ठेवतो की हा प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवला जात आहे. भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी जेवण सोडून शाळेत गेले नाही, पण सकाळी प्रार्थनेच्या आधी वर जाऊन करून पाहिलं. पहिल्या लॅपटॉपवर चाललं. दुसऱ्यावरही. ज्या गुणासाठी त्यांना परत पाठवलं होतं तो त्यांच्यात पहिल्यापासून होता.

वीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. हात वर न करणाऱ्या मुली कोणत्या, हे मला पाठ आहे. त्यांना काही येत नाही असं वर्षभर धरून चालायचं आणि सहामाहीच्या पेपरात त्यांनी पानभर लिहिलेलं पाहून चमकायचं, हे दरवर्षीचं. मराठीच्या तासाला तर फारच. घरी उर्दू किंवा दखनी, मराठी बाजारात, एसटीत, टीव्हीवर ऐकलेली. कळतं सगळं. “कोणाला येतं?” विचारलं की वर्ग चिडीचूप. प्रश्न बदलून “दुकानदार काय म्हणाला असेल?” विचारलं की चार जणी एकदम बोलतात. आमच्याकडे येणारे पाहुणे पहिलाच प्रश्न विचारतात आणि आपल्या वहीत शून्य लिहून जातात.

असो, बांधणीकडे येते. खास आपल्या प्रोसेसरसाठी कर्नल बांधला की मशीन घोड्यासारखं धावेल अशी पुष्कळांची समजूत असते. भाच्याचीही होती. तसं होत नाही. प्रोसेसरांच्या नव्या पिढ्यांमधले भारी हुकूम, एसएसई वगैरे, बरेचसे मोठमोठ्या आकडेमोडीचे असतात. कर्नल आपल्या रोजच्या कामात ते जाणूनबुजून वापरतच नाही. बांधतानाच सांगितलेलं असतं की हे वापरू नका. कारण ते वापरायचे तर प्रत्येक वेळी चालू प्रोग्रामची त्या भागातली सगळी माहिती आधी बाजूला काढून ठेवावी लागेल आणि नंतर जागेवर ठेवावी लागेल. कर्नलकडे सेकंदाला हजारो अर्ज येतात. दर अर्जाला टेबल आवरत बसला तर काम कधी करणार? म्हणून घराणं बदलून आमच्या पेंटियम ४वर मला डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही.

फरक पडला तो नको ते काढल्याने. तयार कर्नल जगातल्या सगळ्या यंत्रांची भांडीकुंडी बरोबर घेऊन येतो. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची एक सोय आहे. या घडीला मशीनमध्ये जे भाग वापरात आहेत तेवढेच ती ठेवते, बाकीच्यांना एन म्हणते. भाच्याने आधीच बजावलं होतं की हे करण्यापूर्वी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं जोडून घ्या, नाहीतर कर्नल म्हणेल मी यांना ओळखत नाही. जोडलं. यादी एवढी आखडली की आधी रात्रभर चालणारी बांधणी दोन-अडीच तासांत व्हायला लागली.

तेही कोअर २ ड्युओवर. पेंटियम ४ला हे काम सांगणं म्हणजे वृद्ध माणसाला गव्हाचं पोतं उचलायला लावणं. एका मशीनवर बसून दुसऱ्या घराण्यासाठी बांधता येतं, हे फार सोयीचं आहे. ६४ बिटी मशीनला सांगायचं, आय३८६साठी बांध, की तो ३२ बिटी कर्नल बांधून देतो. अडचण एकच, लोडशेडिंग. वीज गेली तरी पुन्हा ‘मेक’ म्हटलं की झालेलं सोडून पुढचं सुरू होतं. पण वीज नेमकी एखादी फाइल लिहिताना गेली तर ती रिकामी राहते, तारीख मात्र ताजी दिसते, आणि ‘मेक’ला वाटतं ही झाली. शेवटी सगळे तुकडे जोडताना गाडी अडते. तीन दिवसांत दोनदा हे झाल्यावर आम्ही लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून बांधायला लागलो. लग्नाचा मुहूर्तही कोणी इतका बघत नसेल.

यावरून भाच्याशी एक वाद झाला. त्याचं म्हणणं, प्रत्येक घराण्याला त्याचा कर्नल : पेंटियम ४ला एक, पेंटियम एमला एक, ड्युओला ६४ बिटी. माझं म्हणणं, दहा जुन्या मशीनांना मिळून एकच, सगळ्यांत कमी मागणारा, पेंटियम प्रोच्या पातळीचा, बिनपीएईचा. तो म्हणाला, खाला, तुम्ही सगळ्यांना सगळ्यांत कमकुवत मशीनच्या पातळीवर आणताय. मी म्हटलं, उद्या एकाची डिस्क दुसऱ्यात घालावी लागली तर कोण येणार आहे? तू पुण्याला नोकरीला जाशील. आणि तसंही जे वरचे गुण आहेत ते उठताना विचारून वापरले जातातच. अट खालची ठेवली म्हणजे काम खालचं होतं असं नाही. तो गप्प बसला, पटलं म्हणून की मोठी म्हणून, माहीत नाही. ड्युओच्या बाबतीत मात्र त्याचंच ऐकलं. त्याच्यात एनएक्स होतं, ते वाया घालवणं मला योग्य वाटलं नाही. अकरा मशीन, दोन कर्नल. बांधताना कर्नलला शेपटीसारखं नाव जोडता येतं. मुलींनी दहांच्या कर्नलला ‘सबका’ आणि ड्युओच्या कर्नलला ‘नवाब’ असं नाव दिलं. आवृत्तीचा आकडा विचारला की मशीन शेवटी ते नाव दाखवायचं.

लिनसने, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्सने, १९९१मध्ये हा कर्नल लिहायला घेतला तो स्वतःच्या ३८६वर. डिसेंबर २०१२मध्ये इंगो मॉल्नार यांनी ३८६ची सोय काढून टाकली आणि फेब्रुवारी २०१३च्या ३.८ आवृत्तीपासून लिनक्स ज्या जातीच्या मशीनवर जन्मला तिच्यावरच चालेनासा झाला. त्यातही कारण होतं. मेमरीच्या एखाद्या पानावर ‘लिहू नका’ अशी खूण असली तरी ३८६ खुद्द कर्नलला लिहू द्यायचा. त्या एका सवयीसाठी किती ठिकाणी वेगळी सोय करावी लागायची. एकवीस वर्षं सांभाळलं, मग सोडलं. मला ते वाचून वाईट वाटलं, पण फसवणूक वाटली नाही. पुरेसा वेळ दिला होता, आणि जुनी आवृत्ती आजही उतरवून घेता येते.

त्यानंतर रेघ वरच सरकत राहिली आहे. ६४ बिटी प्रोसेसरांच्याही आता पायऱ्या पाडल्या आहेत. २०२०मध्ये चार पातळ्या ठरल्या. २०२२च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ला दुसरी पातळी लागते, २०२५च्या १०व्या आवृत्तीला तिसरी. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटी मशीनसाठी कर्नलच नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ घ्यायचं तर प्रोसेसर नवा, टीपीएम २.० हवं. मोठ्या कचेऱ्यांना हे परवडतं आणि त्यांच्यासाठी ते बरंही आहे. त्या आपली जुनी मशीन्स आता काढतील आणि त्यातली काही आमच्यासारख्या शाळांकडे येतील. म्हणजे रेघेच्या खालची मशीन्स नेहमी आमच्याकडेच. ही वाटणी कोणी मुद्दाम केलेली नाही, पण आहे.

आमच्या दहांपैकी आज चार उरली. पेंटियम ४ एकेक करून गेले, कर्नलमुळे नाही, कपॅसिटर फुगून. एका लॅपटॉपची बिजागरी तुटली. दुसरा चालतो. त्यावर डेबियन १२ आहे, त्यात बिनपीएईचा ६८६ कर्नल तयारच मिळतो, त्यामुळे मला बांधावा लागला नाही. इंटरनेट त्यावर उघडू नये, पडदा गोठतो. टाइप करायला उत्तम.

गेल्या महिन्यात डेडस्टॉक रजिस्टर पाहून निर्लेखनाची यादी करायची वेळ आली. फॉर्ममध्ये खरेदीचं वर्ष, किंमत, सद्यःस्थिती, निर्लेखनाचं कारण असे रकाने आहेत. लॅपटॉपच्या ओळीत सद्यःस्थितीखाली मी ‘चालू’ लिहिलं आणि कारणाचा रकाना मोकळा ठेवला. मुख्याध्यापकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला : वीस वर्षांहून जुना आहे, चालू कसा? उद्या तो त्यांच्या टेबलावर नेऊन चालू करून दाखवायचा आहे. फक्त त्याचा चार्जर सातवी ‘ब’च्या कपाटात आहे आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपाईमामांकडे.